ध्वनीची पाठचिकित्सा

हेडफोनवर संगीत ऐकणाऱ्या रसिकांमध्ये एक वाद बरीच वर्षे चालू आहे. संगणकातील वा मोबाइलमधील अंकीय ध्वनीचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा 'डॅक' आणि त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलविण्याइतके बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर, अशी दोन्ही कामे करणारी एकत्र पेटी आता सहज मिळते. अशा काही पेट्यांमध्ये इक्वलायझरही अंगभूत असतो. म्हणजे खर्जातला, मध्यातला वा तारातला ध्वनी आपल्या मर्जीनुसार कमीअधिक करण्याची सोय. वाद आहे तो ही सोय असलेली पेटी घ्यावी की नाही, याचा. एक पक्ष म्हणतो, गायकाने जे गायिले आणि ध्वनिमुद्रकाने जे टिपले त्यात श्रोत्याने हात घालणे हा उद्धटपणा आहे. दुसरा पक्ष म्हणतो, कान ज्याचे त्याचे, तेव्हा आवाजही ज्याचा त्याचा.

आम्हांला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कोणताही संस्कार न झालेला 'मूळ' ध्वनी आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो, असे पहिला पक्ष गृहीत धरतो. दुसरा पक्ष मूळ नावाची गोष्टच मोडीत काढतो. मराठीच्या अध्यापकांना हा पेच अपरिचित नाही. जुन्या ग्रंथाची स्वतः ग्रंथकाराच्या हातची प्रत उपलब्ध नसते. असतात त्या नकलांच्या नकला. म्हणून हाती आलेली पोथी हेच मूळ मानता येत नाही आणि मूळ नव्हतेच असेही म्हणता येत नाही. या दोहोंच्या मधल्या वाटेला पाठचिकित्सा म्हणतात. इक्वलायझरचा इतिहास पाहिला तर तोही याच वाटेने गेलेला दिसतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'इक्वलायझर' म्हणजे समान करणारा. समान कशाशी? आज या शब्दाने खर्ज वाढवून गाडीच्या काचा थरथरविणारी कळ डोळ्यांसमोर येते. परंतु शब्द जन्मला तो टेलिफोनच्या तारेवर. लांब पल्ल्याच्या तारेतून जाताना बोलण्यातील सर्व अंशांची घट सारखी होत नाही. उंच वारंवारतेचे अंश अधिक क्षीण होतात. परिणामी 'स' आणि 'श', 'त' आणि 'प' यांतला भेद पुसट होतो आणि पलीकडे ऐकू येते ते घोंगडीतून बोलल्यासारखे. यावर उपाय म्हणून तारेच्या टोकाला असे मंडल जोडीत की जे तारेच्या नेमके उलट वागेल: तार जिथे अधिक खाते तिथे हे कमी खाईल, जेणेकरून एकूण घट सर्वत्र समान होईल. अमेरिकेतील ए.टी. अँड टी. कंपनीतील ऑटो झोबेल यांनी १९२८ साली बेल सिस्टीम टेक्निकल जर्नलमध्ये अशा मंडलांचे जे विवेचन केले, ते या विषयातले पायाभूत लेखन मानले जाते. इथे रुचीचा प्रश्नच नव्हता. प्रवासात शब्द बिघडतो, तो बिघाड मोजावा आणि तेवढाच काढून टाकावा, एवढाच हेतू. नकलाकाराची चूक कुठे व कशी होते हे ओळखून ती दुरुस्त करणाऱ्या संपादकाचे काम याहून निराळे नसते.

ध्वनिमुद्रिकेच्या क्षेत्रात ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचे गाणे त्याने मुद्रित केले, तेव्हा मध्ये वीज नव्हती. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्याच्या आवाजाचा दाबच सुईला हलवी. त्या पद्धतीत साधारणपणे दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरत नसे आणि खर्जाचा तळही हाती लागत नसे. कर्णाही स्वतःच्या आकारानुसार काही स्वरांना उठाव देई व काहींना दाबून टाकी. ही विजेशिवायची, पण कोणी न मागितलेली इक्वलायझरगिरीच म्हणावयाची.

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने विद्युत् ध्वनिमुद्रण व्यवहारात आले. मायक्रोफोनमुळे खर्ज व तार दोन्ही पुष्कळ अधिक टिपता येऊ लागले. पण एक भौतिक अडचण पुढे उभी राहिली. खालच्या स्वरांसाठी तबकडीवरील खोबणीला फार मोठे हेलकावे घ्यावे लागतात. ते जसेच्या तसे कोरले तर एक खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल. म्हणून खर्ज मुद्दाम कमी करून कोरायचा आणि वाजविताना तेवढाच वाढवायचा, असा तोडगा निघाला. पुढे तारातही असाच, पण उलट उपाय योजला गेला: उंच स्वर वाढवून कोरायचे आणि वाजविताना कमी करायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर तबकडीची खरखरही खाली जाते. याचा अर्थ असा की, तबकडीवर जे कोरलेले असते ते गाणे नव्हेच; ते गाण्याचे एका ठरावीक नियमाने वाकविलेले रूप असते. तो नियम ठाऊक असणाऱ्या यंत्रालाच ते सरळ करता येते.

दुर्दैवाने हा नियम एक नव्हता. प्रत्येक कंपनीचा निराळा, आणि एकाच कंपनीचाही काळानुसार निराळा. अमेरिकेत १९५४ साली 'आर.आय.ए.ए.' या ध्वनिमुद्रिका-व्यावसायिकांच्या संस्थेच्या नावाचा वक्र प्रमाण ठरला आणि हळूहळू जगभर रूढ झाला. त्याची तीन वळणे ५०, ५०० आणि सुमारे २१२२ हर्ट्झवर आहेत. वाजविताना १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबलची वाढ आणि २० हजार हर्ट्झला जवळजवळ तितकीच घट करावी लागते. हे आकडे लहान नव्हेत. 'आम्ही आवाजात काहीच बदल करीत नाही' असा अभिमान बाळगणाऱ्या एल.पी.-भक्ताच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हा प्रचंड इक्वलायझर बसलेला असतोच. त्याला कळ नसते, एवढेच.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी येतो तो असा. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील ई.एम.आय.ने अ‍ॅलन ब्लुमलाइन यांची जी ध्वनिमुद्रणपद्धती स्वीकारली, तीत खर्जाचे वळण सुमारे २५० हर्ट्झवर होते आणि तारात नंतरच्यासारखी मुद्दाम केलेली वाढ नव्हती. त्या काळातील अशी ७८ फेऱ्यांची तबकडी कोणी आजच्या साध्या फोनो-अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवून संगणकात उतरवून घेतली तर काय होईल? प्रमाण वक्र आपले काम निमूटपणे करील. अडीचशे हर्ट्झच्या खाली पाच-सहा डेसिबल अधिकचे चढतील आणि दहा हजार हर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल उगीचच कापले जातील. तबला धूसर होईल, सारंगी वा ऑर्गन जड होईल, आणि गायकाच्या शब्दांतील व्यंजने मऊ पडतील. श्रोता म्हणेल, जुनी तबकडी आहे, असेच ऐकू यायचे. पण तो दोष तबकडीचा नसतो. नकलाकाराने परक्या लिपीच्या नियमाने पोथी वाचल्याचा असतो.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील कर्ण्यात गायिलेल्या आणि १९३७ साली झालेल्या त्यांच्या निधनापूर्वीच्या काही वर्षांतील विद्युत् पद्धतीच्या, अशा दोन्ही प्रकारच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांच्या आवाजाच्या जातीविषयी, त्याच्या अनुनासिकतेविषयी आणि बारीकपणाविषयी आपण जी विधाने करतो, त्यांतील किती विधाने गळ्याविषयीची आहेत, किती कर्ण्याविषयीची आणि किती चुकीच्या वक्राविषयीची? बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या बाबतीतही हेच. त्यांना रंगभूमीवर ऐकलेली पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. त्यांच्या गायकीवरील यापुढची सगळी समीक्षा ध्वनिमुद्रिकांवरच उभी राहणार. ज्या पाठावर समीक्षा उभी करायची तो पाठ तपासण्याचे साधन श्रोत्याजवळ असावे, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही.

तबकडीबरोबर श्रोत्याच्या कानाचाही इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, मानवी कान सर्व वारंवारतांना सारखा संवेदनशील नाही आणि ही विषमता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. आवाज लहान केला की खर्ज इतरांहून अधिक वेगाने नाहीसा होतो. मैफलीत समोर बसून ऐकलेले गाणे रात्री घरात हळू आवाजात ऐकले तर तंबोऱ्याची गोलाई हरवते ती यामुळे. पीटर बॅक्संडल यांनी १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जे खर्ज-तार नियंत्रणाचे मंडल प्रसिद्ध केले, ते पुढे घरोघरच्या रेडिओत व अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पोहोचले. पुढील काळात मात्र उंची अ‍ॅम्प्लिफायरांतून या कळा काढून टाकण्याची प्रथा पडली. कमीत कमी घटक, म्हणजे अधिकाधिक शुद्धता, असा तो युक्तिवाद. १९८२ साली सीडी आल्यावर तर 'आता सारे अचूकच' असा समज दृढ झाला. गंमत अशी की, आरंभीच्या कित्येक सीडींवरही तारातले स्वर वाढवून नोंदविलेले असत आणि वाजविताना ते खाली आणण्याची खूण सीडीत घातलेली असे.

इक्वलायझर याच काळात अधिक सूक्ष्म झाला. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे 'पॅरामेट्रिक' इक्वलायझरवरील निबंध सादर केला. जुन्या कळा ठोकळ होत्या: खर्ज वाढवा, तार कमी करा. नवे साधन तीन स्वतंत्र प्रश्न विचारते: कुठे, किती आणि किती रुंदीत? साडेतीन हजार हर्ट्झवर, तीन डेसिबल कमी, अरुंद पट्ट्यात, असे नेमके सांगता येऊ लागले. सगळा परिच्छेद खोडण्याऐवजी एकच अक्षर दुरुस्त करण्याची ही सोय होती. स्टुडिओतले हे साधन अंकीय गणिताच्या रूपाने लहानशा चिपमध्ये मावू लागले आणि श्रोत्याच्या हाती आले.

हेडफोनला त्याची गरज लाउडस्पीकरपेक्षा अधिक का, हेही पाहिले पाहिजे. १९१० साली अमेरिकेतील युटा येथे नॅथानिएल बाल्डविन याने स्वयंपाकघरातील टेबलावर बनविलेले हेडफोन नौदलाने घेतले, ते संदेश ऐकण्यासाठी. १९५८ साली जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन पुढे आणले. १९७९ च्या वॉकमनने ते रस्त्यावर नेले. परंतु हेडफोनचा 'सरळ' आवाज म्हणजे काय, हे ठरविणे सोपे नव्हते. समोरून येणारा ध्वनी खांद्यांवर, पाळीवर आदळून कानाच्या नळीत शिरतो आणि पडद्यापाशी तीन हजार हर्ट्झच्या आसपास चांगलाच उंचावतो. मेंदूला या उंचीची सवय असते. हेडफोन पाळीलगतच बसतो वा नळीतच शिरतो. त्यामुळे ही उंची त्याला स्वतःच्या रचनेत घडवावी लागते. म्हणजे प्रत्येक हेडफोनमध्ये कारखान्यातच एक इक्वलायझेशन केलेले असते. ते कोणत्या नमुन्याबरहुकूम असावे, यावर मतभेद होत आले. आधी मोकळ्या जागेत समोरून येणाऱ्या ध्वनीचा नमुना होता. १९८६ साली म्युनिकच्या नभोवाणी संशोधनसंस्थेतील गुंथर थाइले यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या ध्वनीचा नमुना मांडला. २०१२ नंतर हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरसारखा आवाज बहुसंख्य श्रोत्यांना रुचतो, असे प्रयोगांती दाखविले. हा शेवटचा नमुना उपयुक्त आहे; परंतु तो बहुमताचा पाठ आहे, हे विसरू नये.

या पार्श्वभूमीवर उपकरणाच्या निवडीचा प्रश्न सुटा होतो. अंगभूत इक्वलायझर असलेल्या पेट्यांची दोन टोके उदाहरणादाखल घेऊ. जर्मनीच्या आर.एम.ई. कंपनीने २०१८ साली आणलेला 'एडीआय-२ डॅक' हा टेबलावरचा. त्यात पाच पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर, आवाजाच्या पातळीनुसार खर्ज-तार सावरणारी 'लाउडनेस'ची सोय आणि डाव्या-उजव्या कानांसाठी स्वतंत्र जुळणी आहे. शेवटची सोय दोन्ही कानांची श्रवणशक्ती सारखी नसणाऱ्यांना फार मोलाची. दुसऱ्या टोकाला २०२० साली आलेला कोरियाचा 'क्युडेलिक्स ५-के'. काडेपेटीएवढा, खिशाला लावण्याजोगा, आरंभी दहा पट्ट्यांचा, मोबाइलवरून जुळविता येणारा आणि बाजारात आला तेव्हा शंभर डॉलरच्या थोडा वर. पहिल्याची किंमत त्याच्या कितीतरी पट. अवजड हेडफोन चालविण्याचे बळ पहिल्यात अधिक. पण पाठदुरुस्तीच्या कामात दुसरा कमी पडतो असे नाही.

कोणतीही पेटी घ्यावी, पाहायचे ते पुढील गोष्टी. इक्वलायझर पॅरामेट्रिक आहे की केवळ 'रॉक', 'जॅझ' अशा नावांच्या तयार साच्यांचा? जुळणी पेटीतच साठते का, की दुसऱ्या संगणकाला जोडताच नाहीशी होते? प्रत्येक हेडफोनसाठी आणि प्रत्येक प्रकारच्या ध्वनिमुद्रणासाठी वेगळी जुळणी ठेवता येते का? एका कळीसरशी सारे बंद करून मूळ नोंद ऐकता येते का? आणि एकूण पातळी खाली आणण्याची सोय आहे का? हा शेवटचा मुद्दा बरेचजण दुर्लक्षितात. अंकीय ध्वनीला कमाल मर्यादा असते. सेनहायझरच्या 'एचडी ६५०'सारख्या खालचा खर्ज ओसरणाऱ्या हेडफोनला शंभर हर्ट्झखाली पाच डेसिबल द्यायचे, तर आधी एकूण पातळी पाच डेसिबल खाली आणली पाहिजे; नाहीतर जोरकस समेवर ध्वनी मर्यादेला आपटून फाटेल. २४ बिटांच्या व्यवहारात सहा डेसिबल म्हणजे फक्त एक बिट; तेवढ्याने काही गमावत नाही.

पेटीचे विद्युत् गुणही पाहावेत. अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम-इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. तीनशे ओहमच्या हेडफोनला त्याची फारशी फिकीर नाही. परंतु कानाच्या नळीत बसणाऱ्या काही बहु-चालकी इयरफोनांचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार चढतउतरतो, आणि नियम मोडला तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच, न विचारता, इक्वलायझर होऊन बसतो.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जे उतरलेच नाही ते इक्वलायझर आणू शकत नाही. कर्ण्याने न टिपलेला सहा हजार हर्ट्झचा झंकार वाढवू गेल्यास हाती खरखर येते. हेडफोनच्या पडद्याचा वाकडेपणा, फाटलेला ध्वनी, झिजलेली खोबण यांवर त्याचा इलाज नाही. आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर तर प्रत्येकाच्या कानाची घडण इतकी निराळी असते की, कृत्रिम कानावर मोजून दिलेल्या दुरुस्त्या तिथे डोळे मिटून स्वीकारू नयेत. गळालेल्या पानावरचा मजकूर संपादकाने आपल्या मनाने लिहू नये, तसेच हे.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. पोथीत अपपाठ शिरले होते, म्हणून त्यांनी हात घातला. पवित्र ग्रंथ आहे म्हणून चुकाही पवित्र, असे मानले नाही. आपण काय केले आणि कोणत्या शकात केले, याची नोंद त्यांनी ग्रंथाअखेरीस करून ठेवली. आणि कोणी यात आपली ओवी घालू नये, असे बजावलेही. पुढे १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली आणि एकनाथांच्या शुद्धीविषयीच प्रश्न उभे राहिले. ते उभे राहू शकले, कारण कोणी केव्हा काय केले याचा माग शिल्लक होता. बिघाड काढणे, नोंद ठेवणे, पदरचे न घालणे, या तिन्ही मर्यादा श्रोत्याच्या हाती आलेल्या इक्वलायझरला जशाच्या तशा लागू पडतात.

म्हणून आमचे मत असे की, अंगभूत इक्वलायझर असलेली पेटी जरूर घ्यावी. मात्र ती विकत घेताना आपण एक संपादकीय जबाबदारीही विकत घेतो आहोत, हे ध्यानात ठेवावे. संगणकातील मूळ नोंदीला हात लावू नये. दुरुस्ती ऐकण्याच्या वाटेवरच राहू द्यावी. कोणत्या तबकडीसाठी कुठे किती बदलले हे लिहून ठेवावे. आणि अधूनमधून सारे बंद करून मूळ नोंद पुन्हा ऐकावी. कारण आपली दुरुस्ती आणि आपली आवड यांतली सीमारेषा दुसरे कोणी दाखवून देणार नाही.